मासळीची मर्यादा व माओरींचा वांटा

समुद्र अफाट आहे, यास्तव त्यांतील मासळी कधीं संपावयाची नाहीं, अशी मनुष्याची फार दिवसांची समजूत होती. ती खोटी ठरली. म्हणून वर्षाकाठीं कोणती मासळी किती धरावी, याची मर्यादा आज अनेक राष्ट्रें ठरवितात. परंतु मर्यादा ठरली कीं दुसरा प्रश्न उभा राहतो : तींत कोणाचा वांटा किती? न्यूझीलंड देशानें ह्याचें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे.

तेथील मूळ रहिवासी माओरी लोक होत. ता. ६ फेब्रुवारी १८४० रोजीं वायटांगी येथें त्यांचे नायक व ब्रिटिश राजसत्ता यांच्यांत तह झाला. त्याचें माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स नामक मिशनऱ्यानें आपल्या पुत्राच्या साहाय्यानें केलें होतें. जमिनी व जंगलें यांबरोबर मासेमारीच्या जागाही माओरींकडे अबाधित राहतील, असें अभिवचन इंग्रजी प्रतींत आहे. माओरी प्रतींत 'ताओंगा', म्हणजे अमोल ठेवा, हा व्यापक शब्द आहे. तथापि पुढें दीर्घकाळ न्यायालयांत ह्या हक्कास फारसें वजन मिळालें नाहीं. १९८६ सालीं मात्र ते वीही नामक गृहस्थाच्या खटल्यांत उच्च न्यायालयानें तो मान्य केला. त्यांनीं नियमाहून लहान आकाराचे पाउआ, म्हणजे एक प्रकारचे कवचधारी जलचर, घेतले होते. परंतु तेथील टोळीच्या रक्षकाच्या अनुज्ञेनें व घरच्या खाण्यासाठीं. त्यांची शिक्षा रद्द झाली. पुढें १९९२ सालीं सरकार व माओरी यांच्यांत मासेमारीविषयीं तडजोड होऊन तिचा कायदा झाला.

१९९६ च्या कायद्यान्वयें मंत्री प्रथम मासळीची एकंदर मर्यादा ठरवितो. मग व्यापाऱ्यांचा आंकडा ठरवितांना त्यानें तीन गोष्टींसाठीं सोय ठेविली पाहिजे : माओरींची परंपरागत, बिनव्यापारी मासेमारी, हौशी लोकांची मासेमारी, आणि मासेमारीमुळें अन्य प्रकारें होणारी मासळीची हानि. समजा, एकंदर मर्यादा १००० टन आहे. ह्या तीन बाबींसाठीं अनुक्रमें ५०, १५० व ५० टन सोडले, तर व्यापारास ७५० टन उरतात.

गणित सोपें आहे. पहिला आंकडा ठरविणें मात्र अवघड. परंपरागत मासळी विकण्यास मनाई असल्यामुळें ती बाजारांत तोलली जात नाहीं. अंत्यविधीस अथवा सभेस जमलेल्या पाहुण्यांना समुद्रान्न वाढणें हा यजमानांच्या अब्रूचा प्रश्न असतो. त्यासाठीं टोळीनें निवडलेला व सरकारनें मान्य केलेला 'काइतिआकी', म्हणजे रक्षक, परवाना देतो. कोणती मासळी, किती व कोठून, हें त्यांत नमूद असतें. ह्या परवान्यांवरून हिशेब लागतो खरा. पण तेवढ्यावर विसंबणें धोक्याचें आहे. किनारा रिकामा झाला असेल, तर परवाना असूनही हातीं कांहीं येत नाहीं. अशा वेळीं मागील सालचा लहान आंकडा पाहून पुढील वांटा ठरविला, तर ज्यांची मासळी दुसऱ्यांनीं संपविली, त्यांचाच वांटा घटावयाचा! म्हणून काय धरलें गेलें एवढेंच न पाहतां, काय धरतां आलें नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. शिवाय कागदावर टन राखून ठेवणें पुरेसें नाहीं. त्या त्या किनाऱ्यावर मासळी राहिली पाहिजे. ह्याकरितां 'माताइताइ' नांवाचीं राखीव क्षेत्रें असतात व तेथें सामान्यतः व्यापारी मासेमारीस बंदी असते.

शेताच्या कडा गरिबांसाठीं न कापतां ठेवाव्या, ही मोशेच्या नियमशास्त्रांतील आज्ञा आपणांस ठाऊक आहे. कोणास वाटेल कीं माओरींचा वांटाही तसाच आहे. परंतु दोहोंत भेद आहे. तेथें धनी गरिबांसाठीं आपल्या पिकांतून कांहीं राखतो. येथें मूळ धन्यानें जें कधीं दिलेंच नव्हतें, तें त्याजकडे राहूं द्यावयाचें आहे. तें दान नव्हे, ऋण होय. आणि ऋण फेडतांना, आपलें भागल्यावर काय उरतें, हें पाहावयाचें नसतें.