गाडीतळावरचा शेजार
(द्वितीय वर्ष, कला)

समाजशास्त्राच्या पुस्तकात प्राथमिक समूहाची तीन उदाहरणे दिलेली असतात : कुटुंब, मुलांचा क्रीडासमूह आणि शेजार. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ साली ही कल्पना मांडली. समोरासमोरचे संबंध, जिव्हाळा आणि दीर्घकाळचा सहवास ही अशा समूहाची लक्षणे आम्ही परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. परंतु तिसऱ्या लक्षणापाशी माझे पेन अडखळते. कारण जो शेजार मला सर्वांत जवळून ठाऊक आहे तो दसरा-दिवाळीच्या सुमारास जमतो आणि उन्हाळा लागताच मोडतो. साखर कारखान्याच्या गाडीतळावरचा हा शेजार. प्रस्तुत लेखात त्याचीच थोडी ओळख करून देण्याचा विचार आहे.

माझे आई-वडील ऊसतोडणीला जातात. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर तळावर होते. पुढे आजीजवळ पाथर्डी तालुक्यातील आमच्या गावी राहून शिकले. यंदा जानेवारीत परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस तळावर राहिले, ते मात्र वही घेऊन. पुढील मजकूर त्या वहीतला आणि काही लहानपणच्या आठवणीतला आहे.

प्रथम तळ कोठे असतो आणि का असतो हे सांगितले पाहिजे. आपला नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. पण तो एक जिल्हा नसून दोन आहेत असे वाटावे इतका उत्तर-दक्षिण फरक आहे. उत्तरेला प्रवरा, मुळा, गोदावरी यांचे पाणी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालवे वाहू लागले आणि उसाचा पट्टा तयार झाला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे या भागांत धुराडी वाढत गेली. दक्षिणेला आमचे पाथर्डी, जामखेड, कर्जत. पाऊस बेताचा, जमीन हलकी. ऊस एकीकडे आणि तो तोडणारे हात दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर कोयता घेऊन निघणाऱ्यांची संख्या फार वाढली असे जुनी माणसे सांगतात. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई येथूनही गाड्या येतात. गंमत अशी की उत्तरेच्या गावांत आम्हा सर्वांनाच सरसकट ‘बीडवाले’ म्हणतात. माझ्या वडिलांनी एकदा दुकानदाराला, “अहो, आपला जिल्हा एकच आहे,” असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मग बोली बीडची कशी?”

ऊसतोडणीच्या कामगारांत प्रकार आहेत. ट्रक-ट्रॅक्टरची टोळी असते, ती फडाप्रमाणे गावोगाव हलते. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरतात. बैलगाडीवाले मात्र कारखान्याच्या जवळपास एकाच जागी हंगामभर राहतात, कारण बैल लांबचा पल्ला मारू शकत नाहीत. या जागेला गाडीतळ म्हणतात. शेजार म्हणावा असा शेजार येथेच तयार होतो.

तळावरचे घर म्हणजे कोपी. बांबू, तट्ट्या, वर पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद किंवा जुने लुगडे. दोन माणसांनी मनावर घेतले तर अर्ध्या दिवसात कोपी उभी राहते. आत वाकून जावे लागते. जमीन शेणाने सारवलेली, एका कडेला पेटी, पिठाचा डबा, वळकट्या; दुसऱ्या कडेला पाण्याचा हंडा. चूल दाराबाहेर, आणि चुलीपासून चार हातांवर बैल. दोन कोप्यांच्या मध्ये एक गाडी उभी राहील एवढेच अंतर. शेजारची मुलगी झोपेत खोकली तरी ऐकू येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चाकांवरून आणून ठेवलेल्या घरांच्या वसाहती असतात, तेथे घर राहणाऱ्याचे आणि जागा दुसऱ्याची असते, असे मी वाचले. आमचेही तसेच म्हणायचे. फक्त जागेचे भाडे नाही. काम आहे तोवर जागा आहे.

शेजारी कोण असावा हे कोण ठरवतो? मुकादम. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि किती कोयते आपल्याकडे आहेत त्यावर कारखान्याशी करार करतो. तळावर त्याचे कोयते त्याच्या ओळीत. त्यामुळे शेजारी हा एकाच वहीत नाव असलेला देणेकरीही असतो. एखादे जोडपे उचल अंगावर ठेवून रातोरात निघून गेले तर मुकादम पहिल्यांदा शेजारच्या कोपीपुढे येऊन उभा राहतो : “तुम्हाला माहीत नव्हतं?” माझ्या मते तळावरच्या शेजाराचा हा सर्वांत अवघड भाग आहे. जो विस्तव देतो, मूल सांभाळतो, त्याच्यावरच लक्ष ठेवण्याची जबाबदारी न सांगता अंगावर आलेली असते. आई म्हणते, “शेजाऱ्याचं सगळं बघावं, पण बघितलं म्हणू नये.”

आता दिवस कसा जातो ते पाहू. पहाटे तीनला पहिली चूल पेटते. काडेपेटी सगळ्यांकडे असते, तरी एका चुलीचा निखारा पुढे जातो. कारण पाचटावर पेटवलेल्या चुलीचा धूर एकट्याने सोसण्यापेक्षा निखारा मागणे सोपे. दिवसभराच्या भाकरी तेव्हाच होतात. अंधारात गाड्या जुंपून माणसे फडात. पुरुष तोडतो, बाई पाचट सोलते आणि मोळ्या बांधते. पुष्कळ बाया तोडतातही. दुपारी गाडी भरून पुरुष कारखान्याकडे निघतो. वजनकाट्यावर नंबर लागायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. गव्हाणीत बिघाड झाला की रात्र तेथेच, बैलांच्या शेजारी, गाडीखाली घोंगडी टाकून. म्हणजे रात्री तळावर बाया, म्हातारी माणसे आणि मुले एवढीच उरतात. ऊस तोडला जातो तसा बिबट्याही आडोसा शोधत फिरतो. अशा वेळी कोपीला दार नसते, शेजार असतो. आमच्या ओळीत अकरा कोप्या होत्या. एखादीचा पुरुष काट्यावर अडकला की तिची मुले बाजूच्या कोपीत झोपायला जात आणि ती बाई कोपीच्या तोंडाशी आडवी पडे. हे कोणी कोणाला सांगत नसे.

उसनवारीचे नियम पक्के आहेत. पीठ वाटीने घेतले तर त्याच वाटीने, पण शीग लावून परत करायचे. मीठ परत करत नाहीत. कोयत्याला धार लावायची कानस ओळीभर फिरते. कोयता मात्र कोणी देत नाही, कारण मूठ ज्याच्या हाताला बसली त्याचीच. मोबाइल चार्ज करायला वस्तीवरच्या दुकानात एक मुलगा सगळ्यांचे घेऊन जातो आणि कोणता कोणाचा हे त्याला पाठ असते. आष्टीकडच्या एक काकू आमच्या उजवीकडे होत्या. त्यांची सासू फार थकलेली, फडात जाऊ शकत नाही. तिच्या कोपीपुढे दिवसभर सात-आठ लहान मुले असत. कोणाच्या भाकरीचा तुकडा, कोणाचा गूळ, असा तिचा पगार. ती आजी नसती तर आमच्या ओळीतल्या दोन थोरल्या मुलींना शाळा सोडून धाकट्यांना राखावे लागले असते. मला लहानपणी अशी आजी मिळाली होती म्हणून मी पहिली-दुसरीत साखरशाळेत बसू शकले. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अमलात आल्यावर साखरशाळा हळूहळू बंद होत गेल्या आणि मुलांनी गावी हंगामी वसतिगृहात राहावे असे ठरले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही निघाली. तरी पाच-सहा वर्षांचे मूल मागे ठेवायला आया धजत नाहीत, हे तळावर डोळ्यांना दिसते.

तळावर सगळे एकच होतात, जातपात राहत नाही, असे मी एका भाषणात ऐकले होते. मला तसे दिसले नाही. ओळी गावाप्रमाणे लागतात आणि गावाप्रमाणे म्हणजे बहुधा जातीप्रमाणे. टँकर आला की हंड्यांच्या रांगेत कोणाचा हंडा कोणाच्या हंड्याला लागू नये याकडे काही बायांचे बारीक लक्ष असते. दलित कुटुंबांची ओळ तळाच्या शेवटी, सांडपाणी जाते त्या बाजूला होती. योगायोग असेल असे मी वहीत लिहिले. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, लहानपणापासून पाहतो, योगायोग दरवर्षी तिथंच होतो.

पण त्याच तळावर पुढची गोष्टही घडली. एका दुपारी शेवटच्या ओळीतील एक कोपी पेटली. माणसे फडात होती. चूल विझली असे वाटून गेले होते आणि वारा सुटला. पाचट पेटायला कितीसा वेळ लागतो? तळावर होत्या त्या म्हाताऱ्या, मुले आणि मी. आष्टीच्या आजी, ज्यांना उठून उभे राहायला दोनदा हात टेकावे लागतात, त्यांनी आधी शेजारच्या कोपीचे पाचट ओढून काढायला सांगितले. पेटलेली कोपी वाचत नाही, तिच्या बाजूची वाचवायची असते. हंड्यांतले पिण्याचे पाणी सगळे गेले. कोणाचा हंडा कोणत्या ओळीचा हे कोणी पाहिले नाही. पेटी, पीठ, अंथरुणे, मुलीचे दप्तर असे सगळे जळाले. संध्याकाळी त्या घरची माणसे परतली तेव्हा जागेवर चार बांबू रोवलेले होते. तट्ट्या दोन ओळींतून आल्या, लुगडी तीन घरांतून, पिठाचा डबा आमच्या आईचा. रात्री नऊपर्यंत कोपी उभी होती. दुसऱ्या दिवशी मुकादम आला. त्याने नव्या बांबूंचे आणि प्लॅस्टिकच्या कागदाचे पैसे देऊ केले आणि ते त्या कुटुंबाच्या उचलीत लिहिले. लोकांनी जे दिले ते कोठेच लिहिले गेले नाही. त्याचा हिशेब आहे, पण तो बायांच्या ध्यानात आहे.

गावाशी या शेजाराचा संबंध येतो तो वाढ्यामुळे. ऊस तोडल्यावर शेंड्याचा हिरवा पाला उरतो, तेच वाढे. आपल्या बैलांना घालून उरलेले वाढे बाया पेंड्या बांधून रस्त्याच्या कडेला विकतात. दुभती जनावरे असलेले मळेवाले ते घेतात. भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. उन्हाने सुकले की पडेल त्या किमतीला. एका मळ्यावरच्या बाई आमच्याकडून रोज दोन पेंड्या नेत. पैसे आठवड्याने, पण ताक रोजचे. पंधराव्या दिवशी त्यांनी आईला विचारले, “तुमची मुलगी कॉलेजात आहे म्हणता, मग इथे कशी?” आईने उत्तर दिले नाही, पेंडी थोडी मोठी बांधली. त्यांच्या विहिरीवरून पाणी भरायची परवानगीही आम्हाला त्याच बाईंमुळे मिळाली. परंतु हा अपवाद. गावच्या दृष्टीने तळ म्हणजे हंगामात येणारी गर्दी. ग्रामसभेत तळाच्या पाण्याचा आणि संडासाचा विषय निघत नाही, कारण तळावरचे मत त्या गावात नाही. आमचे मत पाथर्डीत आहे, आणि हंगामात तेथे आम्ही नाही. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले, या गोष्टी चांगल्याच आहेत. पण दर टनाचा असतो आणि करार कोयत्याचा असतो. कोपीपुढच्या पाण्याचा करार कोणी कोणाशी करायचा हे कोठेच ठरलेले नाही.

कूलींच्या व्याख्येकडे परत येते. सहा महिन्यांच्या सहवासाला दीर्घ म्हणता येणार नाही. पण तळावरचे सहा महिने दिवसाचे चोवीस तास असतात. आमच्या गावी भावकीतील चुलत्यांशी बांधावरून दहा वर्षे बोलणे नाही. आईला विचारले, तुझी शेजारीण कोण? तिने गावातले एकही नाव घेतले नाही. तिने आष्टीच्या काकूंचे नाव घेतले, आणि त्याआधी चार हंगामांपूर्वीच्या, आता कोठे असतात हे तिला ठाऊक नसलेल्या एका बाईंचे.

पट्टा पडतो त्या दिवशी शेवटच्या गाडीवर गुलाल उधळतात, बैलांच्या शिंगांना फुगे बांधतात, हलगी वाजते. कोपी मोडायला तासभरही लागत नाही. बांबू मोळी करून गाडीत, पाचट तेथेच. ज्यांचा मढीच्या कानिफनाथांना नवस असतो त्यांची घाई जास्त, कारण यात्रा पाडव्यापर्यंतच. उसने कोणाचे काही राहिले असेल तर त्या दिवशी सकाळीच फेडतात. वाटीभर तेल, कानस, एखादे भांडे. चूल मोडत नाहीत, तिचे तीन दगड तसेच राहतात. आष्टीच्या काकूंचा मुकादम पुढच्या हंगामाला कर्नाटकातल्या एका कारखान्याशी बोलणी करतो आहे असे ऐकले. आमच्या मुकादमाचे अजून ठरलेले नाही.