वृद्धांची विस्मृती आणि औषधे

धोत्रा ही वनस्पती भारतात बहुतेक सर्वत्र उगवते व तिच्या बियांचा विषारी गुण लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात वाटमारे प्रवाशांच्या अन्नात हे बी मिसळून त्यांस लुबाडीत असत, अशा नोंदी तत्कालीन न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आढळतात. विषबाधा झालेल्या मनुष्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारत, तोंडास कोरड पडे, तो असंबद्ध बडबडे आणि हवेत नसलेले धागे वेचू लागे. शुद्धीवर आल्यानंतर मधल्या काळात काय घडले हे त्यास बहुधा सांगता येत नसे. एखाद्या द्रव्यामुळे मनुष्याची स्मृती काही काळ बंद पडू शकते, हे यावरून दिसून येईल. त्याच जातीची, परंतु पुष्कळच सौम्य क्रिया करणारी द्रव्ये आज अनेक घरांतील औषधांच्या डब्यात असतात. तरुणांस ती सहसा जाणवत नाहीत. वृद्धांच्या बाबतीत मात्र ती तितकीशी सौम्य राहत नाहीत.

धोत्र्याच्या बियांत ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. त्यांची क्रिया समजण्यासाठी १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी केलेला प्रयोग पाहणे उपयुक्त होईल. त्यांनी बेडकांची दोन हृदये द्रवात धडधडत ठेविली. पहिल्या हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू उत्तेजित केला आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयास दिला. दुसऱ्याचा मज्जातंतू चेतविलाच नव्हता. तरीही तेही मंदावले. मज्जातंतूचा निरोप एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोहोचतो, असे यावरून सिद्ध झाले. हे द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, असे पुढे निश्चित झाले आणि १९३६ साली लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ॲट्रोपीन दिले असता हा निरोप पोहोचत नाही, कारण निरोप स्वीकारणाऱ्या पेशीवरील जागा ते आधीच अडवून बसते.

मेंदूतही हेच द्रव्य कार्य करते. १९७४ साली अमेरिकेत ड्रॅकमन व लेविट यांनी निरोगी तरुणांस स्कोपोलामीन देऊन त्यांची परीक्षा घेतली. नुकतेच ऐकलेले आकडे त्यांस लगेच म्हणून दाखविता येत. परंतु नवी माहिती मनात साठविणे त्यांस जड गेले. हा दोष वृद्धांमध्ये दिसणाऱ्या दोषाशी पुष्कळच जुळत होता. १९७६ साली असेही आढळले, की अल्झायमरच्या विकाराने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर फारच कमी झालेले असते. वृद्धाच्या मेंदूत या द्रव्याचा साठा आधीच बेताचा असतो. त्यात निरोपाची वाट अडविणारे औषध पडले, तर काय होईल याची कल्पना वाचकांस सहज येईल.

आता ही औषधे कोणती ते पाहू. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामीन, खोकल्याच्या काही औषधांतील डायफेनहायड्रामीन, पोटातील मुरड्यावर देण्यात येणारे डायसायक्लोमीन, लघवीची घाई आवरणारे ऑक्सिब्युटिनीन, नैराश्यावर व मज्जातंतूंच्या वेदनांवर वापरले जाणारे ॲमिट्रिप्टिलीन, आणि कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल. विकार भिन्न, देणारे डॉक्टरही बहुधा भिन्न. पण मेंदूत या सर्वांचा परिणाम एकाच ठिकाणी साचतो.

वयोमानाप्रमाणे मूत्रपिंडे व यकृत औषधांचा निचरा सावकाश करू लागतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, चरबीचे वाढते, आणि चरबीत विरघळणारी औषधे तेथे दीर्घकाळ मुक्काम करतात. झोपेसाठी व अस्वस्थतेवर देण्यात येणाऱ्या डायझेपामचे उदाहरण बोलके आहे. हे औषध वर सांगितलेल्या गटातील नव्हे. तरीही स्मृतीवर त्याचा परिणाम होतोच. विसाव्या वर्षी शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे २० तास लागतात. ऐंशीव्या वर्षी सुमारे ९० तास, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या आजोबांच्या शरीरात आदल्या तीन-चार रात्रींच्या गोळ्यांचाही अंश शिल्लक असतो. सकाळी ते गोंधळलेले दिसले, की घरचे म्हणतात, वय झाले. हे दोन शब्द आपल्याकडे इतके सोयीचे झाले आहेत, की त्यांच्यापुढे चौकशी सहसा सरकत नाही.

वस्तुतः फरक ओळखता येतो. अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. औषधामुळे होणारा संभ्रम बहुधा काही दिवसांत अवतरतो, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी कमीअधिक होतो, आणि नवी गोळी सुरू झाल्याच्या सुमारास त्याचा आरंभ झालेला असतो. तो पुष्कळदा ओसरतो. दीर्घकाळच्या सेवनाचा प्रश्न याहून बिकट आहे. सिएटल परिसरातील ६५ वर्षांवरील ३,४३४ व्यक्तींचा सरासरी सुमारे सात वर्षे मागोवा घेऊन २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. ॲसिटिलकोलीनला अडविणारी औषधे सर्वाधिक घेतलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका ती न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट आढळला. यावरून औषध हेच कारण असे मात्र सिद्ध होत नाही. निद्रानाश किंवा नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची पूर्वचिन्हे असू शकतात व औषध त्यांच्यासाठीच दिले गेले असेल. तथापि सावधगिरीस एवढा आधार पुरेसा आहे.

कधीकधी एका औषधाचा उपद्रव हा नवा रोग समजला जाऊन त्यावर दुसरे औषध दिले जाते. डोनेपेझिल हे अल्झायमरवरील औषध ॲसिटिलकोलीनचा नाश रोखून त्याचे प्रमाण वाढविते. त्यामुळे काही रुग्णांस लघवीची घाई होते. त्यावर ऑक्सिब्युटिनीन देण्यात येते. एक औषध जे उभारते तेच दुसरे पाडते, आणि रुग्ण दोहोंची किंमत मोजतो.

यासाठी घरातील वृद्धांची सर्व औषधे, दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे व डोळ्यांत घालावयाचे थेंब यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांस दाखवावीत. आपल्या मनाने एकही औषध बंद करू नये. डायझेपाम एकाएकी सोडल्यास आचके येण्याचा धोका असतो, व कंपवाताच्या रुग्णाचे औषध अकस्मात थांबविल्यास अंग ताठरते. मात्रा क्रमाक्रमाने उतरवावी लागते, आणि पुष्कळदा पर्यायही उपलब्ध असतो. सर्दी-शिंकांसाठी क्लोरफेनिरामीनऐवजी फेक्सोफेनाडीन देता येते. ते मेंदूत फारसे शिरत नाही.