इंग्रजी संबंधवाचक सर्वनामे आणि धारवाडचा मराठी विद्यार्थी

हुबळी-धारवाडचा मराठी मुलगा घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलतो. तीन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतो, असे आपण समजतो. इंग्रजी संबंधवाचक सर्वनामांच्या बाबतीत मात्र त्याची कन्नड त्याला वाट दाखवते. शिक्षकांनी तिचा उपयोग करून घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

१. हिज आणि हर

रमेशच्या आईविषयी मुलगा लिहितो, 'दिस इज हर मदर'. चूक कोठून आली? मराठीत 'त्याची आई' म्हणताना 'त्या' हे अंग मालक दाखवते, तर 'ची' हा प्रत्यय आईचे लिंग दाखवतो. मुलाचे लक्ष प्रत्ययाकडे जाते. इंग्रजीत मालमत्तेचे लिंग पाहतच नाहीत. फक्त मालक पाहतात. कन्नडमध्येही तसेच आहे: 'अवन तायि' म्हणजे त्याची आई, 'अवळ तम्म' म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जेथे 'अवन' तेथे 'हिज', जेथे 'अवळ' तेथे 'हर'. ही चूक केवळ एका गुणाची नाही. 'हर' लिहिताच वाचक रमेशला सोडून दुसऱ्याच स्त्रीचा शोध घेऊ लागतो.

२. माय आणि माइन

'माझे पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझे' यांत मराठी रूप बदलत नाही. म्हणून 'दिस बुक इज माय' असे लिहिले जाते. कन्नडमध्ये 'नन्न पुस्तक', पण 'ई पुस्तक नन्नदु'. नाम पुढे असेल तर 'नन्न', म्हणजे 'माय'. नाम नसेल तर 'नन्नदु', म्हणजे 'माइन'. हर-हर्स, युअर-युअर्स, अवर-अवर्स या जोड्या याच नियमाने चालतात. 'हिज' तेवढे दोन्हीकडे सारखे राहते.

३. जेथे कन्नडही पुरत नाही

'गुरुजी आले, त्यांची पिशवी येथे आहे' यातील आदरार्थी 'त्यांची' आणि कन्नड 'अवर' ही दोन्ही अनेकवचनी रूपे आहेत. त्यामुळे 'देअर बॅग' लिहिण्याचा मोह होतो. एका गुरुजींसाठी इंग्रजीत 'हिज' हवे. आदर सर्वनामात नव्हे, 'सर'सारख्या शब्दांत दिसतो.

तसेच 'सुरेशने रमेशला आपले पुस्तक दिले' यात पुस्तक सुरेशचे, हे स्पष्ट आहे. कन्नड 'तन्न'ही तेच काम करते. इंग्रजी 'हिज' मात्र दोघांपैकी कोणाचेही असू शकते. संशय टाळायचा असेल तर 'हिज ओन' लिहावे.

अभ्यास

पुढील वाक्यांतील संबंधवाचक शब्दासाठी योग्य इंग्रजी रूप सांगा.
(१) ही वही तिची आहे.
(२) लता आपल्या भावाला पत्र लिहिते.
(३) आजोबा त्यांचा चष्मा शोधतात.

उत्तरे: (१) हर्स (२) हर (३) हिज. दुसऱ्या वाक्यात 'हिज' लिहिणाऱ्या मुलाला रागावू नये. 'लता कोणाच्या भावाला लिहिते, अवन की अवळ?' एवढेच विचारावे. उत्तर तो स्वतःच दुरुस्त करील.