पायऱ्या किती, कुत्रा चालेल का? होमस्टेवाल्यांनी या दोन प्रश्नांची तयारी कशी करायची

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण होमस्टेचं गिऱ्हाईक ठरवायला शिकलो. आज त्यातलं एकच गिऱ्हाईक घेऊ आणि कामाला लागू. उदाहरण कोकणातल्या घराचं घेतोय, कारण आपल्यापैकी बरेच जण गावचं घर दुरुस्त करून दोन खोल्या भाड्याने द्यायच्या बेतात आहेत.

गिऱ्हाईक असं : पुण्यातलं निवृत्त जोडपं. काकूंचे गुडघे गेलेत, लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. घरात नऊ वर्षांचा लॅब्राडोर. त्याला कुणाकडे ठेवून जाणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून हे दोघं बाहेर जातच नाहीत. त्यांना वॉटर स्पोर्ट्स नको, डीजे नको. चार दिवस झाडाखाली बसायचंय, माशाचं जेवण हवंय. पैसे आहेत, वेळही आहे. महत्त्वाचं म्हणजे हे लोक सोमवार ते गुरुवार येऊ शकतात, आणि आपल्या खोल्या रिकाम्या पडतात त्या नेमक्या याच दिवसांत.

मग हे अडतात कुठे? फोनवर. काका विचारतात, "पायऱ्या किती?" उत्तर येतं, "काही नाही हो, दोन-तीन. आम्ही उचलून घेऊ." काकूंना उचलून घेणं नको असतं. "कुत्रा चालेल का?" याला उत्तर, "या तर खरं, बघू." अडीचशे किलोमीटर गाडी चालवून "बघू" ऐकायला कोण येईल?

आधी पायऱ्यांचं बघू, कारण खरा खर्च तिथेच आहे. आपल्या जुन्या घरांचं जोतं उंच असतं. रॅम्पचा सर्वसाधारण हिशोब एकास बारा : एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. जोतं दोन फुटी असेल तर रॅम्प चोवीस फूट, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा हवी. एवढं तुमच्या खळ्यात बसतं का? बऱ्याच घरी बसत नाही. मग काय करतात, तर आठ फुटांत घसरगुंडी बांधतात. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलताना माणूस धापा टाकतो आणि उतरताना देव आठवतो. असला रॅम्प नसलेला बरा.

म्हणून माझं मत, मुख्य घराच्या मागे लागू नका. आवारात जमिनीलगतचं काही बांधकाम आहे का बघा. जुना गोठा, भाताची कोठी, गाडीची शेड. तिथे एकच सहा इंची पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प पुरतो. वडिलोपार्जित माजघर दाखवायची हौस आपली असते. पाहुण्याला रात्री दोन वाजता संडासला कुणाला न उठवता जाता आलं पाहिजे.

आता संडास-बाथरूम. बहुतेक बुकिंग इथे तुटतं. व्हीलचेअर बाहेरून बाहेर मोजली तर साधारण पंचवीस इंच भरते, आणि जुन्या बाथरूमचं दार असतं दोन ते अडीच फूट. चौकट वजा जाऊन निदान ३२ इंच मोकळे मिळाले पाहिजेत. दार बाहेर उघडणारं करा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरा काढा आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशीला उतार द्या. कमोडची बैठक १८ इंचांच्या आसपास हवी, नेहमीचा कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. बाजूला आधाराची स्टीलची दांडी लावायची ती पक्क्या भिंतीत, मोठ्या बोल्टने. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारा माणूस दांडीसकट खाली येतो. आंघोळीला न घसरणारी खुर्ची आणि हाताचा शॉवर. बस, एवढंच. संगमरवर नको, उलट चकचकीत टाइल्स असतील तर आधी त्या काढा.

याच कामाचा दुसरा फायदा बघा. नऊ वर्षांच्या लॅब्राडोरचे पायही बऱ्याचदा दुखरे असतात, खुब्याचा त्रास या जातीत नेहमीचा. गुळगुळीत फरशीवर तोही घसरतो, पायरीपुढे तोही थबकतो. खरखरीत फरशी आणि सौम्य रॅम्प दोघांनाही लागतो. खर्च मात्र एकदाच.

पण एक गोष्ट फक्त "कुत्रा चालेल" म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कुत्र्याला दिवसातून तीनदा बाहेर न्यायचं कोणी? काकू नेऊ शकत नाहीत, काका सत्तरीचे. गावच्या रस्त्यावर चार भटके कुत्रे अंगावर येणार. म्हणून खोलीसमोरचा थोडा तरी भाग कुंपणाने बंद करा, खालून फट न ठेवता. चिऱ्याचा गडगा असेल तर त्यातली भगदाडं बुजवा. त्या अंगणात खुर्ची किंवा व्हीलचेअर सपाट जाईल एवढी वाट करा, म्हणजे काकू सावलीत बसल्या-बसल्या कुत्रा मोकळा सोडू शकतील. फक्त ती सावली माडाखालची नको, नारळ विचारून पडत नाही. शेजारचा एखादा पोरगा संध्याकाळी कुत्रा फिरवायला ठरवा आणि त्याचे पैसे आधीच सांगा.

कुत्र्याचे नियम फोनवरच सांगायचे. रेबीजच्या लशीची नोंदवही बघणार. पावसाळ्यात येणार असतील तर लेप्टोची लसही विचारा, आपल्याकडे तो आजार आहे. गोचिडाचं औषध लावून आणा. खोलीत एकटा सोडून जायचं नाही. कोंबड्या, मांजर, गोठ्यातली जनावरं आपल्याकडे असतील तर तेही सांगून टाका. डिपॉझिट घेऊन शेवटच्या दिवशी चादरीवरून वाद घालण्यापेक्षा साफसफाईचे ठरावीक पैसे घ्या, सगळ्यांना सारखे. जेवणात त्याला भात-अंडं किंवा उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. कांदा-लसणाचा रस्सा प्रेमाने वाढायचा नाही, ते कुत्र्याला बाधतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रा बघतात का, की गुरंच, हे तुम्ही आजच विचारून ठेवा.

हे लोक शक्यतो गाडीनेच येणार. रेल्वेत कुत्रा सोबत घ्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यात. म्हणून गाडी खोलीच्या दाराशी लागली पाहिजे. चिऱ्याच्या पायवाटेवर पावसात शेवाळ धरतं, ती घासायचं काम महिन्याचं नव्हे, आठवड्याचं.

पैशाचा हिशोब. समजा या सगळ्याला ४५,००० रुपये लागले. रात्रीचे २,५०० घेतले आणि खर्च जाऊन १,५०० उरले, तर तीस रात्रींत वसुली. तीन रात्री राहणारी दहा कुटुंबं. तुमचे आकडे वेगळे असतील, ते स्थानिक मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि मगच बांधकाम काढा. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास नोंदणी आणि जेवणाची अन्नपरवाना नोंदणी याबद्दल मागच्या व्हिडिओत बोललोय, ते परत सांगत नाही.

जाहिरातीत "व्हीलचेअर फ्रेंडली" आणि "पेट फ्रेंडली" लिहू नका. वाचणाऱ्याचा या शब्दांवरचा विश्वास कधीच उडालाय. त्यापेक्षा असा मेसेज तयार ठेवा :

"गाडी दारापासून दहा फुटांवर थांबते. एक पायरी, ६ इंच, तिला ६ फुटांचा रॅम्प. बाथरूमचं दार ३३ इंच मोकळं, बाहेर उघडतं. कमोड १८ इंच, उजवीकडे दांडी. अंगण बंद, कुंपण ४ फूट. आमच्याकडे एक मांजर आहे. समुद्रावर जायला वाळू लागते, तिथे व्हीलचेअर जात नाही. लाइट गेली तर खोलीत इन्व्हर्टर आहे."

वाळूचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. काकू ते वाचून ठरवतील की आपण अंगणातच बसू, आणि ठरवून येतील.

पुढच्या व्हिडिओआधीचं काम : मेजरिंग टेप घ्या. गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत, आणि पलंगापासून कमोडपर्यंत मोबाईलवर सलग शूटिंग करा, प्रत्येक दार आणि पायरी टेप लावून दाखवा. मग कुणाची तरी व्हीलचेअर दिवसभरासाठी मागून आणा आणि स्वतः तिच्यात बसून तोच रस्ता करा. पाय खाली टेकवायचे नाहीत.