नंबराच्या आधीचे आकडे ओळखूया



आपल्या किनाऱ्यावर कुणाचा घोव मस्कतला, कुणाचा झील दुबईला, तर कुणाचा भाऊ जहाजावर. मसाला नि कोकम आगळ मागवणारी गिऱ्हाईकंही कधी परदेशातली असतात. म्हणून या बैठकीत एवढं शिकूया: नंबराच्या आधीचे आकडे काय सांगतात?

० आणि ००
मालवणचा एसटीडी कोड ०२३६५. त्यातलं पहिलं ० म्हणजे 'गावाबाहेर फोन लावायचाय' ही खूण. ०० म्हणजे 'देशाबाहेर'. मग देशाचा कोड आणि शेवटी तिथला नंबर. मोबाइलवर ०० ऐवजी + चालतो. ० चं बटण दाबून धरा, + उमटेल. अमेरिकेत ०० च्या जागी ०११ लावतात. + मात्र सगळीकडे चालतो.

देशाचे कोड
भारत ९१, कुवेत ९६५, ओमान ९६८, दुबई-अबुधाबी ९७१, कतार ९७४. नुसता ९७ हा कुठल्याच देशाचा कोड नाही, म्हणून यंत्र तिसऱ्या आकड्यासाठी थांबतं. ९१ आलं की मात्र लगेच भारत समजतं.

घोटाळा शून्याचा
दुबईचा नंबर ०५० ने सुरू होत असेल, तर इथून लावताना +९७१ ५० असा लावायचा. मधलं ० गाळायचं. परदेशातून मालवणच्या घरच्या फोनला लावताना +९१ २३६५ आणि पुढचे सहा आकडे. गटाच्या पाकिटावर मोबाइल नंबरही +९१ सकट छापा. नाहीतर बाहेरच्या गिऱ्हाईकाचा फोन लागायचा नाही आणि ऑर्डर हातची जाईल.

अनोळखी मिस्ड कॉल
आधी + च्या पुढचे आकडे बघा. आपलं माणूस त्या देशात नसेल, तर उलट फोन लावू नका. पैसे आपल्याच बॅलन्समधून जातात. 'पोलीस बोलतोय', 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा फोन परदेशी कोडवरून आला, तर सरळ कट करा. +९१ दिसला म्हणूनही भुलू नका, नंबराचं सोंग घेता येतं. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना
घरच्या परदेशातल्या माणसाचा नंबर कोडसकट वहीत लिहून आणा. मोबाइल हरवला, तरी वही हाताशी राहील.