शैक्षणिक संकुलात वाय-फायचे चॅनेल निवडताना : अनुभवाचे बोल

शैक्षणिक संकुलातील वाय-फायविषयी तक्रारी येऊ लागल्या की दोष बहुधा सिग्नलच्या दुबळेपणाला दिला जातो आणि उपाय म्हणून आणखी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे भिंतीवर किंवा छताला बसवून आसपासच्या मोबाइल-लॅपटॉपांना जाळ्याशी जोडणारी उपकरणे, विकत घेतली जातात. वसतिगृहासारख्या दाट वस्तीच्या इमारतीत मात्र मोबाइलवर सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या असूनही साधे पान उघडत नाही, असा प्रकार वारंवार दिसतो, आणि अशा वेळी कमतरता असते ती हवेतल्या वेळेची. वाय-फायच्या नियमानुसार कोणतेही उपकरण प्रक्षेपण करण्यापूर्वी आपले चॅनेल, म्हणजे वारंवारतेचा आपल्याला नेमून दिलेला पट्टा, मोकळे आहे का हे ऐकते आणि ते व्यापलेले असल्यास थांबते. त्यामुळे परस्परांना ऐकू येणारी, एकाच चॅनेलवरची सर्व उपकरणे, मग ती कोणत्याही ॲक्सेस पॉइंटशी जोडलेली असोत, एकच वेळ आपसांत वाटून घेतात. त्याच चॅनेलवर नवा ॲक्सेस पॉइंट लावल्याने हा वेळ वाढत नाही, उलट वाटेकरी वाढतात.

भारतात 2005 पासून परवान्याविना वापरता येणारा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ इतकाच असून त्यातील 13 चॅनेलांची केंद्रे एकमेकांपासून केवळ 5 मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत. प्रत्येक प्रक्षेपण मात्र सुमारे 20 मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून यादीत तेरा आकडे दिसत असले, तरी परस्परांना न झाकणारी चॅनेल 1, 6 आणि 11 ही तीनच उरतात. त्यांची केंद्रे अनुक्रमे 2412, 2437 आणि 2462 मेगाहर्ट्झवर आहेत.

या तिन्हींवर गर्दी दिसली की मधले 3, 4 किंवा 8 हे चॅनेल रिकामे समजून निवडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संकुलातील जाळ्याचे सर्वाधिक नुकसान याच निवडीने होते. एकाच चॅनेलवरील दोन उपकरणांना परस्परांच्या संदेशाचा आरंभीचा भाग ओळखता येतो, उणे 82 डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप) इतका क्षीण संदेशही त्यांना कळतो आणि ती शिस्तीने आळीपाळीने बोलतात. अर्धवट झाकल्या जाणाऱ्या चॅनेलवरील संदेश मात्र त्यांना संदेश म्हणून ओळखताच येत नाही. तो निव्वळ गोंगाट ठरतो, आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे 62 डीबीएम, म्हणजे शंभर पट अधिक शक्तीची असल्याने, त्याहून क्षीण गोंगाट चालू असतानाच उपकरण प्रक्षेपण सुरू करते. दोन्ही संदेश बिघडतात, ते पुन्हा पाठवावे लागतात आणि दोन्हीकडचा वेग घसरतो. शेजाऱ्याबरोबर तंतोतंत एकाच चॅनेलवर राहणे हे त्याच्या चॅनेलवर अर्धवट चढून बसण्यापेक्षा चांगले, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण चाचणी घेतली की पटते. 1, 5, 9 आणि 13 अशी चार चॅनेलांची मांडणीही काहीजण सुचवतात. परंतु तेरावे चॅनेल काही परदेशी बनावटीच्या उपकरणांना दिसत नाही, आणि शेजारच्या इमारतीतील राउटर 6 वर असेल तर 5 आणि 9 या दोन्हींवर, आणि 11 वर असेल तर 9 आणि 13 या दोन्हींवर त्याचे अतिक्रमण होते. संकुलाचा परिसर सर्व बाजूंनी मोकळा असल्याखेरीज ही मांडणी टाळावी.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये ‘वायरलेस अँड्र्यू’ या बिनतारी जाळ्याचे काम सुरू झाले, तेव्हा वाय-फायचे 802.11 हे मूळ मानकदेखील प्रसिद्ध व्हायचे होते. ते 1997 मध्ये आले. पुढे संकुलभर पसरलेल्या या जाळ्याच्या अनुभवावर हिल्स यांनी 2001 मध्ये जे लेखन केले, त्यात ॲक्सेस पॉइंटांच्या जागा आणि त्यांची चॅनेल यांचा विचार एकत्रितपणे केलेला आहे. नकाशात शेजारच्या प्रदेशांना एकच रंग येऊ नये म्हणून जी काळजी घ्यावी लागते, तिच्याशी हा प्रश्न मिळताजुळता आहे. फरक इतका की इमारतीचा नकाशा सपाट नसतो. पहिल्या मजल्यावरील ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या मजल्यावर थेट वरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतो, आणि प्रत्येक मजल्याचा आराखडा वेगळा काढून त्यात 1-6-11 असा क्रम भरणाऱ्याच्या हातून वरखाली एकच चॅनेल येण्याची चूक हमखास होते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या वसतिगृहांच्या जाळ्यांत तीन गोष्टी एकत्र आढळल्या आहेत : ॲक्सेस पॉइंट खोल्यांऐवजी लांब व्हरांड्यात ओळीने लावलेले, चॅनेलची निवड उपकरणाच्या स्वयंचलित व्यवस्थेवर सोडलेली आणि मोजणी सुट्टीत उरकलेली. व्हरांड्यात मध्ये भिंत नसल्याने एका टोकाचे उपकरण दुसऱ्या टोकाच्या उपकरणाला ऐकते आणि सगळी ओळ परस्परांची वाटेकरी होते, तर ज्यांच्यासाठी ही सोय केली ते विद्यार्थी भिंतीआड, दुबळ्या सिग्नलवर राहतात. ॲक्सेस पॉइंट खोल्यांत नेले की ज्या भिंती अडथळा ठरत होत्या, त्याच चॅनेलांचा पुनर्वापर शक्य करतात. स्वयंचलित निवड सरसकट वाईट म्हणता येणार नाही, पण ती छताजवळच्या उपकरणाला जे ऐकू येते त्यावर ठरते, टेबलापाशी बसलेल्या विद्यार्थ्याच्या मोबाइलला काय ऐकू येते ते तिला कळत नाही. शिवाय ती भर दुपारी चॅनेल बदलते, तेव्हा चालू परीक्षा किंवा व्याख्यान तुटते. तिने सुचवलेली मांडणी पाहावी, तपासावी आणि मग स्थिर करून ठेवावी, हे अधिक बरे. मोजणी सत्र सुरू असताना, रात्री नऊ-दहाच्या सुमारास करावी, कारण माणसांची शरीरे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात आणि रिकाम्या इमारतीतील आकडे भरलेल्या इमारतीला लागू पडत नाहीत.

5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परिस्थिती बरीच उदार आहे. भारत सरकारने 2018 मध्ये या पट्ट्याचे 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ हे भाग, म्हणजे एकूण 605 मेगाहर्ट्झ, परवानामुक्त केल्यामुळे 20 मेगाहर्ट्झ रुंदीची चोवीस किंवा त्याहून अधिक चॅनेल उपलब्ध झाली. मात्र उपकरणे अनेकदा 80 मेगाहर्ट्झ रुंदी गृहीत धरून येतात, आणि ती तशीच ठेवली तर चोवीसांची जेमतेम सहा चॅनेल उरतात. शिवाय रुंदी दुप्पट केली की संदेश घेणाऱ्या उपकरणाच्या वाट्याला येणारा गोंगाटही दुप्पट, म्हणजे 3 डेसिबलने वाढतो. एका घरात एकच राउटर असतो, तिथे रुंद चॅनेल योग्यच आहे. शंभर ॲक्सेस पॉइंटांच्या संकुलात 20, फार तर 40 मेगाहर्ट्झ ठेवावे, वेगचाचणीतला आकडा कमी दिसला तरी ठेवावे.

या पट्ट्यातील 52 ते 144 ही चॅनेल रडारांशी सामायिक आहेत. रडारची चाहूल लागताच ॲक्सेस पॉइंटने काही सेकंदांत चॅनेल सोडावे आणि पुढची तीस मिनिटे तिकडे परतू नये, या व्यवस्थेला गतिमान वारंवारता निवड म्हणतात. हवामानाची सी-बँड रडारे प्रामुख्याने 5600 ते 5650 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात; विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्राजवळच्या संकुलांनी 120 ते 128 ही चॅनेल बाजूला ठेवावीत आणि उरलेल्यांपैकी कोणती सोडावी लागतात, हे काही आठवडे नोंदींवरून पाहावे. भीतीपोटी सगळाच मधला भाग वर्ज्य करणे मात्र चुकीचे आहे, कारण तसे केल्याने निम्म्याहून अधिक जागा हातची जाते.

चॅनेल बरोबर निवडूनही प्रक्षेपणाची शक्ती कमाल ठेवली तर मांडणी फुकट जाते. ॲक्सेस पॉइंटचा आवाज दूरवर पोहोचतो, पण मोबाइलचे क्षीण प्रक्षेपण परत येत नाही, आणि दूरच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटलेला मोबाइल सर्वांचा वेळ खातो. दुसरा खर्च बीकनचा आहे. बीकन म्हणजे जाळ्याचे नाव जाहीर करणारा छोटा संदेश. तो साधारणपणे दर 102.4 मिलिसेकंदांनी, प्रत्येक नावासाठी वेगळा पाठवला जातो. सुमारे 300 बाइटांचा बीकन जुन्या 1 मेगाबिट वेगाने पाठवण्यास अडीच मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो; एकाच चॅनेलवर पाच ॲक्सेस पॉइंट ऐकू येत असतील आणि प्रत्येकावर विद्यार्थी, प्राध्यापक, पाहुणे, परीक्षा व कार्यालय अशी पाच नावे असतील, तर कोणी एक पानही उघडण्याआधी निम्म्याहून अधिक वेळ संपलेला असतो. नावे तीनपर्यंत आणावीत आणि 1, 2 व 5.5 मेगाबिटचे जुने वेग बंद करावेत. बहुतेक ठिकाणी त्याने कोणाचीही गैरसोय होत नाही.

केलेली मांडणी कर्मचाऱ्यांच्या स्मरणावर सोडू नये. कोणता ॲक्सेस पॉइंट कोठे, कोणत्या चॅनेलवर, किती रुंदीने आणि किती शक्तीने चालतो, याची नोंद इमारतीच्या आराखड्यावर करावी आणि बदल करणाऱ्याने तारखेसह आपला बदल तेथेच लिहावा. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनाही एक विनंती : खोलीत स्वतःचा राउटर लावण्यापूर्वी संगणक केंद्राला विचारावे, आणि लावायचाच झाला तर तो 5 गिगाहर्ट्झवर, 20 मेगाहर्ट्झ रुंदीने आणि केंद्राने सांगितलेल्या चॅनेलवर लावावा.