मुसीच्या उगमाशी

सुट्टी लागली की आपल्या गौलीगुड्यातील काही कुटुंबे मुलाबाळांसह दोन-चार दिवस विकाराबादजवळील अनंतगिरीवर जातात. नगरापासून सुमारे 80 किलोमीटरवरील या डोंगरात अनंतपद्मनाभस्वामींचे देवालय आहे, सागवान व बांबूचे वन आहे, आणि मुक्कामास छोटेखानी कुटीरेही मिळतात. अशा सहलीस चैन म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. जे मूल वर्षभर अरुंद गल्लीत वाढते, त्याने एखाद्या प्रातःकाळी मोराची केका ऐकावी, हे त्याच्या अभ्यासाइतकेच आवश्यक होय.

परंतु या डोंगराशी आपले नाते याहून जवळचे आहे. मुसी येथेच उगम पावते. तिचे जुने नाव मुचुकुंदा. भागवताच्या दशम स्कंधात राजा मुचुकुंदाची कथा आहे. देवांसाठी दीर्घकाळ लढून श्रमलेला हा राजा एका गुहेत निद्रिस्त होता. श्रीकृष्णाचा पाठलाग करीत कालयवन तेथे शिरला, आणि हाच कृष्ण असे समजून त्याने झोपलेल्यास लाथ मारली. राजाची दृष्टी पडताच तो भस्म झाला. ती गुहा या डोंगरातच होती, अशी येथील श्रद्धा आहे. कथेचे तात्पर्य विद्वान अनेक प्रकारे सांगतात. आम्हांस मात्र ती लाथ विसरता येत नाही. सकाळी भूमीस पाय लागतो म्हणून क्षमा मागण्याचा श्लोक आपण मुलांकडून म्हणवून घेतो. आणि तीच मुले पाहत असता थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या व निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी ओढ्याकाठी टाकून निघतो.

तो ओढा जातो कोठे? 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीस महापूर येऊन हजारो माणसे बुडाली. अफझलगंजातील एका चिंचेवर चढून सुमारे 150 जण वाचले, असे सांगतात. ती चिंच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मुसीवर गंडीपेटचा उस्मानसागर (1920) व ईसी नदीवर हिमायतसागर (1927) बांधण्यात आला, आणि नगराने पिढ्यानपिढ्या ते पाणी प्यायले. तेव्हा उगमाशी टाकलेली पिशवी परक्याच्या अंगणात पडत नाही. ती आपल्याच माठाची वाट धरते.

म्हणून घरून स्टीलची ताटे न्यावीत. ती घासण्याचे काम केवळ स्त्रियांवर पडू नये, हेही जाता जाता सांगतो. उन्हाळ्यात सागाची पाने गळून वाळलेली असतात. तेथे चूल पेटविणे म्हणजे वणव्यास आमंत्रण. माकडांस मारुतीचे रूप मानून केळी-बिस्किटे देणारे भाविकही पुष्कळ. त्यांची श्रद्धा आदरणीय खरी. पण त्या लोभाने ती वन सोडून रस्त्यावर येतात व मोटारींखाली सापडतात. मारुतीरायाचा नैवेद्य देवळातच दाखवावा.

परतताना वाट किंचित वाकडी करून मुलांना गंडीपेटचा तलाव दाखवावा, आणि घरी पोहोचल्यावर चादरघाटाच्या पुलावरून खाली वाहणारे नगराचे काळे सांडपाणीही दाखवावे. डोंगरावर पाहिलेली नदी हीच का, असे ती विचारतील. वडीलधाऱ्यांनी उत्तर तयार ठेवावे.